टिचकी मारून घेतलेलं टायर

फार फार वर्षांपूर्वी, तुमचा आजा आणि माझा आजा दोघंही जन्माला यायचे होते तेव्हाची गोष्ट. डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं. त्या गावात एक कुंभार होता, त्याची कुंभारीण होती, एक म्हातारं गाढव होतं आणि एक फटफटी होती. एवढ्या जुन्या काळात फटफटी कुठून आली, असं मधेच विचारू नका. पुढे गाढव बोलणार आहे. ते तुम्हाला चालतं, तर फटफटीही चालवून घ्या.

कुंभार हाताचा पक्का. भट्टीतून मडकं निघालं की तो ते कानाशी धरायचा आणि बोटाने टिचकी मारायचा. टण्ण वाजलं तर ठेवायचा. बद्द वाजलं तर तिथंच आपटायचा. त्याच्या घरातून चिरलेलं मडकं कधी बाहेर गेलं नाही.

एवढ्यावर थांबला असता तर बरं होतं. पण हा कलिंगडाला टिचकी मारायचा, दाराच्या फळीला मारायचा. लेकीसाठी जावई बघायला गेला तेव्हा त्याच्याही टाळक्यावर मारून आला म्हणतात. जावई निघाला चांगला. मग तर हा आणखीच शेफारला.

डोंगरावर, घाट चढून गेलं की दुसरं गाव होतं. तिथे लग्न असलं की मांडवाच्या चार कोपऱ्यांना मडक्यांच्या चार उतरंडी रचायची रीत होती. एकावर एक पाच मडकी. ती मडकी ह्या कुंभाराच्याच घरची लागायची. आज्यापासून चालत आलेला मान होता तो. सूर्य डोक्यावर यायच्या आत उतरंडी उभ्या राहिल्या नाहीत तर मान दुसऱ्या घरी जायचा. एकदा गेलेला मान परत येत नाही.

पूर्वी मडकी गाढव न्यायचं. फटफटी आल्यापासून ते अंगणात बसून खात होतं आणि बसल्याबसल्या टोमणे मारत होतं.

त्या वर्षी वरच्या गावच्या पाटलाच्या मुलीचं लग्न ठरलं. मडकी भाजून तयार झाली. कुंभारणीने वीस सांगितली तिथे अठ्ठावीस केली.

"एवढी कशाला?" कुंभार म्हणाला.

"असू द्या. आणि अहो, त्या फटफटीचं मागचं टायर बघा एकदा. पार गुळगुळीत झालंय, तुमच्या काकांच्या टकलासारखं. घाटाच्या पायथ्याशी मिस्त्री बसतो, त्याच्याकडून बदलून आणा."

"मिस्त्री कशाला? बाजारात टायरं मिळतात. बसवायला मला हात आहेत."

बाजारात एक फिरता व्यापारी टायरांचा ढीग लावून बसला होता. कुंभाराने वरचं टायर उचललं, कानाशी नेलं आणि टिचकी मारली. थप्प.

"कच्चं आहे," कुंभार म्हणाला.

दुसरं घेतलं. थप्प. तिसरं, थप्प. शेवटी ढिगाच्या तळाशी, किती उन्हाळे खाऊन पडलं होतं देव जाणे, असं एक टायर त्याने ओढून काढलं. टिचकी मारली. टण्ण!

कुंभाराचा चेहरा उजळला. "हे बघ. हे खरं भाजलेलं. मला द्यायचं नव्हतं म्हणून तळाशी लपवलंस होय रे?"

व्यापाऱ्याने तोंड उघडलं होतं, ते त्याने मिटलं. त्याला खोटं बोलायची वेळच आली नाही. असं गिऱ्हाईक रोज मिळत नाही.

घरी येऊन कुंभाराने मागचं चाक काढलं. चाकाच्या पोटात रबराचे जाड तुकडे असतात. साखळी ओढते, चाक फिरतं, आणि त्या ओढाताणीतला हिसका ते तुकडे गिळतात. ते तुकडे झिजून खोबऱ्याच्या किसासारखे झाले होते. कुंभाराने ते तसेच आत कोंबले.

गाढव मान वर करून म्हणालं, "मालक, ते बदलायचे असतात ना?"

"आत कोण बघायला येतंय?"

"पोट कुणाला दिसत नाही मालक, पण दुखतंच."

"तू गवत खा."

मग टायर चढवायला घेतलं. ते काही केल्या चढेना. कुंभाराने दोन पहारी लावल्या, वर पाय दिला, शिव्या दिल्या. कुंभारीण हाताची माती पुसत आली आणि तिने टायरला अंगठ्याचं नख लावलं. नख रुतलं नाही.

"अहो, हे तर दगड झालंय. ह्याला भेगा बघा कडेला. रबर कसं, चाकावर चढवायच्या आधीच्या मातीसारखं हवं. दाबलं की दबणारं."

"तू माती मळ," कुंभार म्हणाला. "पारख माझी आहे."

ती परत मातीकडे गेली. पण लग्नाच्या दिवशी सकाळी, कुंभाराने वीस मडकी पेंढ्यात बांधून फटफटीवर चढवली, तेव्हा तिने उरलेली आठ गाढवाच्या पाठीवर घातली.

"तुम्ही व्हा पुढे. आम्ही येतो मागून."

कुंभार हसला. "लग्नाला या म्हणजे झालं. बारशाला पोचू नका."

फटफटी निघाली. सपाटीला ठीक होतं. घाट लागला तशी ती प्रत्येक चढाला हिसका द्यायला लागली. खाड्, खाड्. दर हिसक्याला मडकी एकमेकांच्या कानाला लागत होती. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्या वळणावर कातळातून झरा पाझरतो, तिथला दगड बारा महिने ओला. मऊ टायर तिथे दगड धरतं. हे दगडावर दगड. मागचं चाक सुटलं, फटफटी गवतात आडवी झाली आणि वीस मडक्यांचा एकदम आवाज आला.

माणसाला खरचटलं तेवढंच. पण टायर कडेने उकललं होतं, आतली ट्यूब फुटून जिभेसारखी बाहेर लोंबत होती. पेंढा उचकून बघितला तर चार मडकी धड होती. सोळा गेली.

कुंभार दगडावर बसला. वरून, अजून लांबून, सनईचा आवाज येत होता. आज्याचा मान आपल्या हातून जाणार, हे त्याला आता कळलं. त्याने सवयीने उरलेल्या एका मडक्याला टिचकी मारायला बोट उचललं आणि परत खाली घेतलं.

बऱ्याच वेळाने कुंभारीण आणि गाढव वळणावर आले. तिने आधी त्याचा गुडघा बघितला, मग खापऱ्या बघितल्या. गाढवाला मात्र राहवलं नाही.

"मालक, टण्ण वाजलं का?"

"वाजलं," कुंभार म्हणाला. "माझंच वाजलं." मग तो बायकोकडे वळला. "तू सांगितलं होतंस."

"चाक काढा आधी," ती म्हणाली. "मिस्त्री खाली आहे. मडक्यांजवळ मी बसते. सूर्य डोक्यावर यायला अजून वेळ आहे."

गाढवाच्या पाठीवरून आठ मडकी उतरली आणि त्याच्यावर फटफटीचं चाक चढलं. "हिने मला घरी बसवलं," गाढव वाटेत म्हणत होतं, "आता हिलाच मी वाहतोय. बघा दिवस."

मिस्त्री म्हातारा आणि खडूस होता. त्याने टायर बघितलं, कुंभाराकडे बघितलं.

"हे कुणी निवडलं?"

"मी. टिचकी मारून."

"मडक्याला आगीने भाजलं की ते पक्कं होतं. टायर उन्हाने भाजलं की मेलं. मडक्याने पाणी धरायचं असतं, टायरने रस्ता धरायचा असतो. दोघांना एक माप कसं चालेल रे?"

मग त्याने चाकाचं पोट उघडलं. रबराचा चुरा त्याच्या तळहातावर पडला. "आणि हे? इंजिन ओढतं, चाक अडतं. मधे कुणीतरी मऊ लागतं दोघांचं ऐकून घेणारं. नाहीतर एक दिवस सगळंच मोडतं. तुझ्या घरात मधे कोण आहे?"

कुंभाराने मान वळवून वर घाटाकडे बघितलं. तिसऱ्या वळणावर एक हिरवं लुगडं दिसत होतं.

मिस्त्रीने तीन टायरं पुढे ठेवली. कुंभाराचे हात शिवशिवले, पण त्याने टिचकी मारली नाही. अंगठा दाबला, नख लावलं, कडा वाकवून भेगा शोधल्या. दबणारं एक उचललं. मिस्त्रीने पोटात नवे तुकडे घातले, टायर चढवलं, हवा भरली, आणि साखळी किती सैल ठेवायची ते दाखवलं.

"तुझं काय द्यायचं?" कुंभाराने विचारलं.

"पाण्याला एक रांजण आणून दे. वाजवून दे मात्र. त्यात तुझा हात कुणी धरणार नाही."

वळणावर परत आल्यावर चाक बसलं. कुंभाराने चार आणि आठ मडकी एकत्र बांधली. त्याच ओल्या कातळावर नव्या टायरने दगड घट्ट धरला. हिसका नाही, खडखड नाही. सूर्य डोक्यावर यायला हातभर उरला होता तेव्हा फटफटी मांडवापाशी उभी राहिली.

पाटलाच्या आईने मडकी मोजली. "बाराच? एका कोपऱ्याला पाच लागतात. ही तर तीन तीन होतात."

वाटेत ढोर आडवं आलं, असं कुंभाराला म्हणता आलं असतं.

"आजी, वीस निघाली होती," तो म्हणाला. "सोळा माझ्या गर्वाने फुटली. बायकोने आठ जादा केली होती, म्हणून बारा तरी आली. मान काढून घ्यायचा तर घ्या, पण पोरीचं लग्न थांबवू नका."

म्हातारीने घरातून चार पाट मागवले. मग म्हणाली, "खालच्या मडक्याखाली पाट ठेवा. उंची भरेल. खरं बोलणाऱ्याचा मान काढून मी कुठे ठेवू?"

अक्षता वेळेवर पडल्या. कुंभारीण आणि गाढव जेवायच्या पंगतीला पोचले. तेव्हापासून त्या गावात उतरंड तीन मडक्यांची रचतात आणि खाली पाट ठेवतात. का, ते तिथल्या पोरांनाही माहीत आहे.

ते टण्ण वाजणारं टायर कुंभाराने टाकलं नाही. मिस्त्रीला दिलेल्या रांजणाखाली ते चुंबळ म्हणून बसलं आणि पुढे कित्येक वर्षं टिकलं. कुंभार मडक्यांना टिचकी मारतच राहिला. बाकी कशालाही हात लावायच्या आधी मात्र तो बायकोला हाक मारायचा, "अगं, जरा अंगठा लाव बघू."

तात्पर्य: मडकं वाजवून घ्यावं, टायर दाबून घ्यावं, आणि एक काम येतं म्हणून सगळीच कामं येतात असं समजू नये.