घराण्याचा खोकला

माणसांनी अजून तानपुरा केला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. उंबरावर दयाळबुवा नावाचे एक गवई पक्षी गाणं शिकवायचे. त्यांना ऐकायला तीन रानांतली पाखरं गोळा व्हायची.

एका सुगीत बुवांच्या घशात ज्वारीचं कुसळ अडकलं. तेव्हापासून वरच्या सुराला जाण्याआधी ते दोनदा खोकायचे.

पुढे एका सकाळी बुवा पानांआड बसून शिष्यांचा रियाज ऐकत होते. वरचा सूर जवळ आला आणि बाराही शिष्य एकदम खोकले. तेही मोजून दोनदा.

बुवा चक्रावले. "अरे, तुम्हा सगळ्यांना झालंय तरी काय?"

"कुठे काय, बुवा?" थोरली साळुंकी म्हणाली. "ही तर आपल्या घराण्याची खासियत. धाकट्या मुनियाला ती जमेचना, म्हणून कालच तिला घालवून दिलं."

बुवांनी बोरीच्या जाळीत मुनियाला शोधून काढलं. "तू का गं खोकत नाहीस?"

मुनिया भीत भीत म्हणाली, "मला खोकला झालाच नाही, बुवा."

हसावं की रडावं, बुवांना कळेना. तिला घेऊन ते उंबरावर परतले. "नीट ऐका," ते शिष्यांना म्हणाले, "नुसता सूर कसा लागतो ते." घशातलं कुसळ निघून तर दोन वर्षं झाली होती.

बुवा वरच्या सुरापाशी आले आणि दोनदा खोकले.

"वाहवा!" शिष्यांनी माना डोलावल्या.

बुवा गोंधळून इकडेतिकडे पाहत राहिले. मग मुनियासमोर येऊन बसले.

"तू म्हण, पोरी. मी तुझ्यामागून म्हणतो."