परतीचा टाका

"…आणि तो तुझा इंग्रजी शब्द काय म्हणालास? परत सांग बघू."

"एम्ब्रॉयडरी, अव्वा."

"म्हंजे?"

मुरगेंद्र मास्तर सावरून बसले. अर्थ सांगायचा म्हटलं की त्यांना हुरूप यायचा. हायस्कुलात इंग्रजी शिकवण्यात उमर गेलेली. नोकरी सोडून मठात आले, तरी खडूची सवय बोटांतून गेली नव्हती.

"एम्ब्रॉयडरी म्हणजे कापडावर सुईदोऱ्यानं हातानं काढलेली नक्षी. आपण कशिदा म्हणतो, भरतकाम म्हणतो, तेच. पण इंग्रजांचा अर्थ काटेकोर असतो. कापड आधी तयार असतं. नक्षी नंतर, वरून. शोभेसाठी."

"शोभेसाठी," अव्वा म्हणाल्या.

"हो. ती नसली तरी कापडाचं काही अडत नाही."

अव्वा हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. मांडीवरचं उपरणं त्यांनी उलगडलं आणि उजेडाला धरलं.

हे उपरणं मास्तरांचं. संकेश्वराच्या अलीकडं, नदीकाठावरच्या त्या लहानशा मठाची रीतच तशी होती. ज्याला दीक्षा घ्यायची, त्यानं आपल्या उपरण्याच्या काठाला आपल्या हातानं कशिदा घालायचा. बाई असो की बाप्या, सुटका नाही. कशिदा शिकवायच्या मठाच्या कर्त्या अव्वा, आणि दीक्षाही त्याच द्यायच्या. आणि दीक्षा घेतली की घरचं नाव सुटलं, घरचा उंबरा सुटला, रक्ताच्या माणसाला ओळख द्यायची नाही.

मास्तरांची दीक्षा उद्या होती.

आणि बाहेर, मठाच्या दारातल्या दगडावर, त्यांचे वडील बसले होते.

गुरलिंगाप्पा. डोळ्यांनी अधू. दर सोमवारी कुणाच्या तरी गाडीवर बसून यायचे, दगडावर टेकायचे, उन्हं उतरली की जायचे. आत कधी आले नाहीत. मास्तर कधी बाहेर गेले नाहीत. आज सोमवार नव्हता… तरी आले होते.

घर सोडताना बापलेकांत जुंपली होती. मास्तरांच्या जिभेला कोण आवरणार? भर सोप्यात, शेजारीपाजारी ऐकत असताना ते म्हणाले होते, "तुमच्यावाचून माझं काही अडत नाही. आजपासून तुम्ही मला मेलात." म्हातारा एक शब्द बोलला नव्हता.

"काठावरचं गोपूर झकास आलंय," अव्वा म्हणाल्या. "काय रे, हात वळला की तुझा."

मास्तरांची छाती फुगली. लपवून काय उपयोग, फुगलीच.

"उलट्या बाजूनं पण बघा, अव्वा. दोन्हीकडून सारखं."

"व्हय की. सारखंच हाय."

मग त्यांनी कडेला डोकावणारं दोऱ्याचं एक टोक चिमटीत धरलं आणि ओढलं.

सुर्रकन दोरा निघून आला. गोपुराची अर्धी रेघ नाहीशी झाली. एक टाका आहे, एक नाही.

"अव्वा! हे काय…"

अव्वांनी दुसरं टोक धरलं. ओढलं. उरलेली रेघही गेली. कापडावर नुसती भोकं राहिली.

किती दिवस डोळे फोडले होते मास्तरांनी! बोटांची चाळण झाली होती.

"गाठ मारायची नाही हा तुमचाच नियम," ते तडकून म्हणाले. "गाठ नाही म्हटल्यावर दोरा निघणारच."

"माझा काढून दाखव."

अव्वांनी आपल्या इरकली लुगड्याचा पदर पुढं केला. जुनापुराणा कशिदा, रंग विटलेला. मास्तरांनी टोक शोधलं. सापडेना. नख घालून पाहिलं. दोरा हलेना.

…

ह्या कशिद्याची रीत मास्तरांना ठाऊक नव्हती असं नाही. पहिल्याच दिवशी अव्वांनी दाखवली होती. एक टाका वर, एक टाका खाली, असं रेघेच्या शेवटापर्यंत जायचं. मधल्या जागा मोकळ्या राहतात. मग त्याच दोऱ्यानं, त्याच भोकांतून मागं यायचं, मोकळ्या जागा भरत भरत. निघालो तिथंच पोचायचं आणि तिथल्याच टाक्यांत टोक जिरवायचं.

मास्तरांना ते मागं येणं जिवावर यायचं. एकदा गेलेल्या वाटेनं परत काय जायचं? त्यांनी डोकं चालवलं. शेवटाला पोचले की दोरा कापायचा, नवा ओवायचा, पुन्हा सुरुवातीकडून निघायचं आणि राहिलेल्या जागा भरत जायचं. नक्षी तीच, वेळ तेवढाच. कुणाला कळणार?

"दोन्ही येळा म्होरंच गेलास व्हय रे?" अव्वांनी विचारलं.

मास्तरांनी होकारार्थी मान हलवली.

"का?"

"…दिसायला सारखंच होतं, अव्वा."

"मी दिसायचं न्हाई विचारलं. का गेलास?"

बाहेर म्हातारा खोकला. बराच वेळ खोकला. मास्तरांनी तिकडं मान वळवली नाही, पण कान वळले होते.

"मागं जायला जमत नाही मला," ते शेवटी म्हणाले.

मास्तरांनी घाईघाईनं सुई उचलली. दोरा ओवायला गेले, तो नेढ्यात शिरेना.

"परत घालतो. आत्ता बसतो. तुम्ही सांगितलंत तसंच, त्याच भोकांतून… उद्यापर्यंत होईल, अव्वा. दीक्षा तेवढी पुढं ढकलू नका."

अव्वांनी त्यांच्या हातातली सुई काढून घेतली.

"कापडावर नको."

मास्तरांची नजर दाराकडं गेली. मग एकाएकी त्यांचा चेहरा पडला. केस पिकलेला तो माणूस वर्गात उत्तर न आलेल्या पोरासारखा खाली बघू लागला.

"काय तोंडानं जाऊ, अव्वा?" ते म्हणाले. "मी त्यांना… सगळ्यांदेखत… काय म्हणालो होतो, ठाऊक आहे तुम्हाला. काय बोलू मी जाऊन?"

…

अव्वांनी भोकं पडलेलं उपरणं घडी करून त्यांच्या मांडीवर ठेवलं. दाराकडं पाहिलं.

"ऊठ लवकर. म्हातारा पायताण घालायला लागलाय."