आवडीच्या मिटलेल्या मुठी

निळ्याशार नदीच्या काठी, लाल कौलांच्या एका इटुकल्या गावात, आवडी नावाची कुंभाराची पोर राहायची. साऱ्या गावाची लाडकी! पण गेल्या पावसाळ्यापासून तिच्या दोन्ही मुठी मिटल्या होत्या आणि काही केल्या उघडत नव्हत्या.

झालं असं, की भरदुपारी नदीला पूर आला. आवडीच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, तिला उंबरावर चढवलं आणि ओरडून सांगितलं, "फांदी घट्ट धर. सोडू नको!" आवडीने धरली. पाणी उतरलं, माणसांनी तिला खाली घेतलं, पण मुठी मिटल्या त्या मिटल्याच. पुराने काठावरची चांगली मातीही नेली. मडकी घडवायची कशाची? घरात खायचे वांधे झाले.

वैद्यबुवांनी तेल चोळलं, मावशीने बोटं ओढून पाहिली. सल्ला द्यायला कुणाचं काय जातं! आबा मात्र मुकाट्याने लेकीला घास भरवायचे. साधं भांडं पडलं तरी आवडी दचकायची, थरथर कापू लागायची. "कापू नको, धीर धर," असं सगळे म्हणायचे, आणि ती बिचारी अंग ताठ करून उभी राहायची.

एके सकाळी गुलाबी तेरड्याच्या ताटव्यात तिला काहीतरी लुकलुकताना दिसलं. बोटभर उंचीची परी! मागे काळा कोतवाल पक्षी लागलेला. आवडीने चटकन दोन्ही मुठींचा आडोसा केला, तेव्हा कुठे तो पक्षी उडून गेला. परीचे चंदेरी पंख लटलट कापत होते.

"कापू नकोस गं," आवडी म्हणाली.

"कापू दे की! भीती अंगात शिरलीय, ती अंगातूनच बाहेर पडणार." परी पोटभर थरथरली. मग तिने लांब श्वास सोडला, पंख झटकले आणि खुदकन हसली. "तू मला वाचवलंस. एक इच्छा माग. पण नियम आहेत हं! इच्छा उघड्या तळहातावरच घ्यायची. मूठ कुणी ओढून उघडायची नाही. आणि झालेलं पुसून टाक, असं मागायचं नाही."

आवडीचे डोळे भरून आले. "मग मला कशी मिळेल?"

"तुझ्या पायांना विचार," म्हणत परी तिच्या केसांत जाऊन बसली.

घरी आबा मातीचा उरलासुरला ढीग तुडवत होते. आवडी त्यांच्याशेजारी मातीत उतरली. माती गार होती, लोण्यासारखी मऊ. डावा पाय, उजवा पाय. चप, चप. किती दिवसांनी तिला पायांखाली जमीन लागली! मग तिच्या पोटऱ्या थरथरू लागल्या, मग गुडघे, मग खांदे. आबा घाबरून धरायला धावले.

"राहू दे, आबा. कापू दे मला."

आबा हात आवरून तिच्याजवळ उभे राहिले. बऱ्याच वेळाने थरथर ओसरली. आवडीने मान वर केली आणि हळूच विचारलं,

"आबा, आता सोडू?"

आबांच्या काळजात चर्र झालं. धर म्हणून सांगितलं होतं, पण सोड म्हणायचं राहूनच गेलं होतं! पोर इतके महिने त्यांचाच शब्द पाळत होती.

"सोड गं माझे बाय," आबा रडत म्हणाले. "पूर कवाच गेला. सोड आता."

एकेक बोट उलगडलं. तळहातात उंबराच्या सालीचा तुकडा होता. आवडीने दोन्ही हात गालांना लावले. "हातांनो, तुम्ही होता म्हणून मी आहे. लई उपकार झाले तुमचे."

केसांतून उतरून परीने तिच्या तळहातावर मोहरीएवढी सोनेरी इच्छा ठेवली. "माग आता, काय हवं ते," ती म्हणाली. आबांना वाटलं, पोर आता धान्य मागेल, नवं परकर-पोलकं मागेल. आवडी म्हणाली, "पुरानं उंबराची मुळं उघडी पडलीत. त्यांना माती दे. त्यानं मला सांभाळलं होतं."

"गुणाची गं तू!" परी म्हणाली. पिवळा, केशरी, मोरपिशी उजेड अंगणभर झाला आणि त्या उजेडातच परी विरून गेली.

दोघं काठावर धावली, तर उंबराच्या मुळांशी काळीभोर चिकणमाती! उंबराला पुरून उरेल एवढी. आबांचं चाक पुन्हा गरगर फिरू लागलं. आवडीने घडवलेलं पहिलं मडकं उंबराखाली गेलं, पाखरांच्या पाण्यासाठी.

आणि त्या गावात तेव्हापासून एक रीत पडली. लेकराला "घट्ट धर" म्हणणारं माणूस, संकट टळलं की आधी त्याच्याकडे जातं, जवळ बसतं आणि म्हणतं, "झालं हं बाळा. आता सोड."