जपानहून आलेली डीव्हीडी

सिनेमे डीव्हीडीवर मिळत, त्या काळची गोष्ट. जपानहून एक डीव्हीडी मिरजेला शोभनाताईंच्या घरी आली. ताईंनी तिला हौसेने प्लेअरमध्ये घातलं, तर त्याने तिला लगेच बाहेर ढकललं.

"तुझ्यावर दुसऱ्या मुलखाचा शिक्का आहे, बाई," तो म्हणाला. "मला इथल्याच चालतात."

तिला ते फार लागलं. खणातल्या बाकीच्या डीव्हीडी "अगं, ऐक तर" म्हणत राहिल्या, पण ती पाठ फिरवून बसली. इथे आपलं कोणीच नाही, असं तिने मनाशी पक्कं केलं. अशी बारा वर्षं गेली.

मग एकदा ताईंनी घर आवरलं आणि ती भंगारवाल्याच्या हातगाडीवर आली. शेजारी धुळीने माखलेला एक प्लेअर होता.

"तुम्ही कुठले?" तिने भीतभीत विचारलं.

"जपानचा. ताईंच्या भावाने आणला, पण इथल्या डीव्हीडी मला चालेनात. तेव्हापासून याच घराच्या माळ्यावर पडून होतो."

तिला खणातल्या डीव्हीडींचं ते "अगं, ऐक तर" आठवलं. त्या माळ्याखालीच तिचा खण होता.

"ये, लावतो तुला," प्लेअर उत्साहाने म्हणाला आणि लगेच ओशाळला. हातगाडीवर वीज कुठली?

"राहू दे," ती म्हणाली. "मी तोंडीच सांगते."

हातगाडी गल्लीबाहेर पडली, तेव्हा ती सिनेमा पहिल्यापासून सांगत होती आणि तो मधे एक शब्दही न बोलता ऐकत होता.