आधी धरायचं

"लंगडणं लागतं का हो, माई? म्हणजे सर्दीसारखं... एकाचं दुसऱ्याला?"

माई बेहेरे दोराचा गुंता सोडवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"कोण लंगडतं?"

"मी. डावा पाय गुडघ्याखाली नाही. अपघातात गेला. हा जयपूरचा बसवलाय." ऋजुतानं पँटवरून पोटरीवर टकटक केलं, दारावर करतात तसं. "आणि आता ती."

ती म्हणजे जुई. तिची मुलगी. करवंदीच्या जाळीजवळ चटईवर, कड्याकडे पाठ करून, चित्र रंगवत बसलेली.

"तिच्या पायाला काय झालं?"

"काही नाही. तेच तर! डॉक्टर म्हणाले, पोरगी ठणठणीत आहे, मुलं नकला करतातच. सासूबाई म्हणाल्या, आईची चाल लेकीत उतरायचीच. नवरा म्हणाला, तू फार विचार करतेस."

"मग?"

"मग मी आणखी विचार केला."

या एका गोष्टीनं ऋजुताची झोप उडवली होती. बालवाडीच्या संमेलनात सगळे ससे टुणटुण उड्या मारत आले आणि तिचा ससा डावा पाय ओढत आला. लोक हसले. कौतुकानंच हसले. ऋजुताही हसली, आणि घरी येऊन छताकडे बघत पडून राहिली. चाल उचलली. उद्या आणखी काय उचलेल? जिना दिसला की थबकणं? लग्नात शिरल्या शिरल्या खुर्ची शोधणारी नजर? 'तुम्ही व्हा पुढे, मी थांबते इथे'?

त्यात तो व्हिडिओ आला. एका पायाचा एक माणूस सरळ उभ्या कड्यावर पालीसारखा चिकटलेला. जुईनं तो पुन्हा पुन्हा लावायला लावला आणि विचारलं, "आई, तुझा पाय पण असं करतो?"

"हो," ऋजुता म्हणाली.

पंखा पुसायला स्टुलावर चढताना कुलदैवताला हाक मारणारी बाई. 'हो' म्हणाली!

"एकदा हो म्हणून बसलेय," ती माईंना म्हणाली. "आता ते खरं करायचंय. शिकवाल?"

माईंनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. डोंगराच्या पायथ्याशी पत्र्याच्या घरात राहणाऱ्या या बाईनं तरुणपणी काथ्याच्या दोरावर सुळके चढले होते. आता सत्तरी उलटली होती, अंग वाळक्या शेंगेसारखं झालं होतं, तरी घरामागच्या कातळावर त्या नवख्यांना शिकवायच्या. दुमजली घराएवढा काळा कातळ. त्याला सगळे बाळकडा म्हणायचे. माई शिकवायच्या कमी, गप्प जास्त बसायच्या.

"शिकवीन."

"फक्त एक आहे. आधी मला एकटीला शिकवा. नीट जमलं की तिला दाखवीन. मी पडताना तिला दिसायला नको."

"मग आणलीस कशाला?"

"ठेवायला कुणी नव्हतं."

माईंनी चटईकडे पाहिलं.

"ए मुली, चटई फिरव. तोंड इकडे कर."

"मग चित्र कोण रंगवणार?" जुईनं विचारलं.

"चित्र पळून जात नाही."

जुईला ते पटलं. तिनं चटई फिरवली.

"माई, पण मी आत्ताच म्हटलं ना—"

"आल्या वाटेनं परत जाता येतं," माई म्हणाल्या, आणि पुन्हा दोराकडे वळल्या.

ऋजुता गेली नाही. तिनं ओठ आवळले, पिशवी उघडली आणि नवे कोरे चढाईचे बूट काढले.

बूट घट्ट हवा, असं तिनं वाचलं होतं. इतका घट्ट की बोटं आत दुमडून राहिली पाहिजेत. तिनं मुद्दाम लहान मापाचा जोड घेतला होता. उजवा पाय डोळ्यांत पाणी आणून आत गेला. डावा जाईना. घोटा वळेना. तिनं पावडर टाकली. पावलाला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळली. घरून आणलेला चमचा टाचेमागे घातला आणि दात-ओठ खात रेटा दिला.

माई बघत होत्या.

"इतका घट्ट कशाला?"

"बोटं दुमडायला हवीत. सगळीकडे तसंच लिहिलंय."

"याची?"

ऋजुतानं डाव्या पावलाकडे पाहिलं. बोटं होती. साच्यातून आलेली, एकमेकींना चिकटलेली. ती आजवर दुमडली नव्हती आणि पुढेही दुमडणार नव्हती. संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलेल्या बाईच्या हे दुकानातच लक्षात यायला हरकत नव्हती.

"आई, चमचा वाकला," चटईवरून बातमी आली.

"काढ," माई म्हणाल्या. "दोन्ही काढ."

घराबाहेर, उघड्यावर, ऋजुतानं ते पाऊल कधी अनवाणी केलं नव्हतं. मंदिरातसुद्धा मोजा असायचा. तिनं बूट काढले. मोजा काढला. पँट दुमडून वर घेतली.

माई खाली वाकल्या. रबरी तळव्यावरून त्यांनी अंगठा फिरवला, भाकरीचं पीठ बघावं तसा.

"रबर चांगलं आहे," एवढंच म्हणाल्या.

कड्याच्या माथ्यावर लोखंडी कडी ठोकलेली होती. दोर तिच्यातून ओवलेला, दोन्ही टोकं खाली आलेली. एक टोक चढणाऱ्याच्या कमरेला, दुसरं खाली उभं राहून धरणाऱ्याकडे. माईंनी चढणाऱ्याचं टोक उचललं आणि स्वतःच्या पट्ट्याला बांधलं.

"हे काय? चढायचंय मला."

"पहिल्या दिवशी चढायचं नाही. धरायचं."

"का? पायामुळे?"

"सगळ्यांनी."

"सगळ्यांनी म्हणजे?"

"दोन पायांचेसुद्धा येतात इथं," माई म्हणाल्या. "बिचारे."

ऋजुताला राग आला. धरून घ्यायची तिला सवय होती. बसमधून उतरताना, ओल्या फरशीवर, पायरीवर, कुणीतरी येऊन दंड धरायचं आणि तिनं 'थँक यू' म्हणायचं. आणि ही बाई तिच्याच हातात स्वतःचा जीव देऊन कातळाकडे निघाली होती.

"माई, मला नाही झेपणार. तोल जातो माझा. कुणी नुसता धक्का दिला तरी..."

माईंनी तिच्या कमरेलाही चढाईचा पट्टा आवळला, त्यात आठाच्या आकाराची कडी अडकवली, दोर तिच्यातून फिरवला, आणि खालचा दोर तिच्या उजव्या मुठीत दिला.

"मी चढेन तसा ढिला पडलेला दोर ओढून घ्यायचा. ही मूठ सोडायची नाही. चढू का?"

...

"चढू का, विचारतेय. धरणाऱ्यानं हो म्हटल्याशिवाय चढणारा हलत नाही."

"...चढा."

माई चढल्या. जिन्यावरून माळ्यावर जावं तशा. ऋजुता दोर ओढून घेत होती, मूठ आवळत होती, मनातल्या मनात कुलदैवताला कामाला लावत होती. माई तिच्या डोक्याच्या बऱ्याच वर पोचल्या. थांबल्या.

आणि काही न बोलता त्यांनी हात सोडले.

दोर ताडकन ताणला. ऋजुता कमरेतून पुढे खेचली गेली, कातळ अंगावर आला, ती ओरडली की जुई ओरडली ते तिला कळलं नाही... मग सगळं थांबलं.

मूठ बंद होती.

माई वर लोंबकळत होत्या. विहिरीत सोडलेल्या घागरीसारख्या, सावकाश फिरत.

"तुम्ही मुद्दाम पडलात!"

"हो."

"सांगायचं तरी!"

"पडणारा सांगून पडतो होय?" वरून आवाज आला. "बघ. कुठल्या पायावर धरलंस?"

ऋजुतानं खाली पाहिलं.

रबरी पाऊल कातळाला सपाट टेकलेलं होतं. मागं रेलून तिनं सगळा भार त्याच्यावर घेतला होता. हे कधी केलं, कुणाला विचारून केलं... तिला आठवेना. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुसरा, हा दवाखान्यात शिकवलेला नियम ती अजून आरतीसारखा म्हणायची. या पायावर भिस्त ठेवायची नाही, हे तिच्या हाडात बसलं होतं.

"डाव्या," ती म्हणाली.

ऋजुतानं त्यांना हळूहळू खाली सोडलं. त्या उतरल्या, गाठ सोडली आणि ते टोक तिच्यापुढे केलं.

"बांध."

"पण पहिल्या दिवशी तर—"

"धरलंस ना? झाला तुझा पहिला दिवस."

माईंनी गाठ बांधायला शिकवली, सोडून पुन्हा बांधायला लावली. मग कडी आपल्या पट्ट्यात अडकवून त्या धरायला उभ्या राहिल्या. ऋजुता कातळासमोर आली. जवळून तो खरबरीत होता, जिथं तिथं कपारी, भेगा, बोटभर पायऱ्या. लांबून यातलं काही दिसत नव्हतं.

"चढू का?"

"चढ."

चांगला पाय आधी. नियमच होता. उजवा वर ठेवला, अंग उचललं, आणि डावा हवेत राहिला. तो कुठं ठेवायचा? त्याला काही कळत नाही. त्याला कपार लागली काय, नाही काय, सारखंच.

"तो कुठं टेकलाय मला समजत नाही, माई!"

"मग बघ की."

तिनं पाहिलं. पाऊल हातानं ठेवावं तसं नजरेनं एका कपारीवर ठेवलं. ते टेकेपर्यंत नजर हलवली नाही. भार दिला. राहिलं.

पुन्हा उजवा. पुन्हा बघून डावा. बोटांची टोकं सोलली. कोपर खरचटलं. तोंडात मातीची चव आली. पण खाली वाकून पाहिलं तर माईंचा पांढरा अंबाडा पायांखाली होता, आणि ते दृश्य तिला फार आवडलं.

मग पाय थरथरायला लागला.

आधी थोडा. मग शिलाई मशीनसारखा, धडधडधड, तिच्या हुकमाबाहेर. तिनं कातळाला गाल चिकटवला.

"खाली घ्या मला! पाय थरथरतोय!"

"कुठला?"

"अहो, पाय! खाली घ्या!"

"कुठला?"

ऋजुतानं डोळे उघडले, पाहिलं. उजवा. तिचा स्वतःचा, हाडामासाचा, नियमातला पहिला.

"...चांगला."

"मग दुसऱ्यावर उभी राहा."

वारा करवंदीतून गेला.

तिनं भार हळूहळू डावीकडं नेला. बुंधा वाकवून पाहिला तरी हलत नाही, तसा तो पाय उभा होता. त्याला दमणं माहीत नव्हतं. त्याला भीतीही माहीत नव्हती. उजव्याची धडधड कमी होत होत थांबली. तिनं तो झटकला, श्वास घेतला, आणि वरच्या भेगेकडं हात टाकला.

भेग अर्ध्या बोटानं लांब होती.

हात निसटला. कातळ वर पळाला. दोरानं कमरेत गच्च आवळलं आणि ती फिरत, गुडघा आपटत, हवेत लटकली. कृत्रिम पायाचा पट्टा सैल होऊन पाय जरा तिरका झाला होता. केस तोंडात गेले होते. सारा दिमाख उतरला होता.

आणि जुईचं तोंड इकडेच होतं.

हेच नको होतं. नेमकं हेच. ऋजुताला खाली बघवेना. आता रडणं येईल, ती वाट बघत राहिली. 'आई पडली' येईल. आणि हेही पोरगी उचलेल, घरी नेईल, जन्मभर सांभाळेल...

रडणं आलं नाही.

तिनं पाहिलं. चटई रिकामी होती. रंगीत खडू मातीत सांडले होते. माईंच्या बाजूला लोंबणारा दोराचा शेपटा जुईनं दोन्ही मुठींत धरला होता आणि ती इतकी मागं रेलली होती की फ्रॉक धुळीला लागत होता. एक पाय तिनं कातळाला सपाट लावला होता. डावा. चेहरा लालबुंद.

माईंनी मान वळवून तिच्याकडं पाहिलं. भार सगळा माईंच्या कडीवर होता, पण हे त्या बोलल्या नाहीत.

"काय करायचं, बाई?" त्यांनी जुईला विचारलं, बरोबरीच्या माणसाला विचारावं तसं. "तुझी आई पडली. उतरवायची का खाली?"

जुईनं दात आवळून वर पाहिलं. ऋजुतानं केस बाजूला केले, तिरका पाय हातानं सरळ करून पट्टा ओढला, आणि बोटं पुन्हा कातळावर ठेवली.

"चढू का?" तिनं वरून विचारलं. कुणाला विचारलं, ते तिलाही नक्की माहीत नव्हतं.

"चढ," जुई म्हणाली. "पण लवकर चढ ना गं. तू किती जड आहेस!"