शिळी सूचना

“मग गुरुजी, ती पुसायचीच कशाला?”

बिसरामने तिसऱ्यांदा विचारलं. नथ्थूगुरुजी रेडिओ केंद्राच्या ओट्यावर बसून चिंचेत मीठ कालवत होते. त्यांचा हात थांबला नाही.

“इथली रीत आहे बाबू. दिवसाची सूचना दिवस मावळायच्या आत पुसायची. ज्याची बोली, त्यानं पुसायची.”

“तो माझा भाऊ होता.”

“हो.”

“त्याच्यासारखं बोलणारा या डोंगरात दुसरा नाही.”

“खरं आहे.”

“मग...?”

गुरुजींनी चिंचेचा एक गोळा त्याच्या तळहातावर ठेवला आणि पुढचा वळायला घेतला.

मेळघाटातल्या त्या टेकडीवरचं केंद्र चार बोलींत बोलायचं. पगार कुणालाच नव्हता. मराठी गुरुजी सांगत, हिंदी बाजारातला शिंपी, गोंडी अंगणवाडीची ताई. कोरकू बिसरामच्या भावाची, सोमजीची. दुपारी चारला सूचना यंत्रात भरायची, हवेवर सोडायची, मग पुसायची. वीस दिवसांपूर्वी सोमजीने आपली सूचना सोडली, “उद्या येऊन पुसतो” म्हणाला आणि घाईने निघाला. उतरणीवर त्याला साप चावला आणि तो गेला.

ती सूचना यंत्रात तशीच राहिली. दुसऱ्या कुणी तिला हात लावला नाही.

तेव्हापासून कोरकूची पाळी आली की केंद्र गप्प असायचं. आणि पलीकडच्या डोंगरावर आरसा चमकायचा बंद झाला होता. तिथल्या शेवटच्या वस्तीत, जामुनढाण्यात, फोन लागत नव्हता. कोरकू सूचना ऐकू आली की तिथली सुगायआजी उन्हात आरसा धरायची. इकडे कळायचं, पोचलं.

चार वाजून गेले. तीन बोली संपल्या. चौथीची शांतता सुरू झाली...

बिसराम ताडकन उठला, आत गेला आणि कळ दाबली.

सोमजी बोलू लागला. तोच घोगरा आवाज, वाक्य संपताना जरा वर चढणारा. बिसराम यंत्राला टेकून खाली बसला. तोंडात गमछा कोंबला तरी हुंदका बाहेर आलाच.

सूचना संपली. पलीकडच्या डोंगरावर ठिणगी चमकली. एकदा. पुन्हा एकदा.

“बघितलंत?” तो दारातल्या गुरुजींना म्हणाला. “माझा भाऊ अजून पोचतो.”

“पोचतो.” गुरुजींना कोरकू येत नव्हती. “काय म्हणाला तो?”

बिसराम गोंधळला.

“मी... मी आवाजच ऐकला.”

“हं. त्यांनी सूचना ऐकली.”

बिसराम रागाने टेकडी उतरून गेला. म्हाताऱ्याला काळीज नाही, असं त्याने वाटेतल्या दोघांना सांगितलंही.

सकाळी तो बाजाराच्या पटांगणावरून चालला होता. पटांगणात शेळ्या उभ्या होत्या, तीस-चाळीस तरी. एक गाभण शेळी धापा टाकत मातीत बसली होती. तिच्या पाठीवरून हात फिरवत सुगायआजी बसली होती.

“आजी, हे काय?”

“टोचणारा डॉक्टर कुठाय रे? पहाटेच्या निघालोय आम्ही.”

“कुणी सांगितलं टोचणार आहेत म्हणून?”

“तुझ्या भावानं. उद्या ऊन चढायच्या आत शेळ्या घेऊन या म्हणाला.”

बिसराम तिच्यापुढे उकिडवा बसला.

“आजी... सोमजी गेला. तुला माहीत आहे.”

“मातीला आले होते की मी.”

“आणि मागच्या वेळी टोचून झालंय.”

“झालंय. पुन्हा बोलावलं, म्हणजे पुन्हा टोचायचं असेल. गेलेला माणूस उठून सांगतोय म्हटल्यावर काम तसंच असणार.” तिने शेळीच्या कानावरची गोचीड काढून दगडाखाली चिरडली. “त्यानं आम्हाला कधी फुकट चालवलं नाही.”

बिसराम उठला. त्याने शेळ्या सावलीत घेतल्या. हापशावरून बादलीमागून बादली भरली. मग सांगितलं. सगळं. आजी ऐकत राहिली. ओरडली नाही, तेच त्याला जड गेलं. तिने फक्त गाभण शेळीला उठवलं आणि परतीची वाट धरली.

तो टेकडीवर आला तेव्हा गुरुजी ओटा झाडत होते.

“गुरुजी, मी माझ्या भावाला खोटं पाडलं.”

“शेळ्यांना पाणी पाजलंस?”

“पाजलं.”

“ती गाभणी?”

“चालत गेली... हळूहळू.” म्हाताऱ्याला कसं कळलं, हे विचारायचं त्याला सुचलं नाही. गुरुजी रोज बाजारातूनच वर येत.

“आता काय करू?”

गुरुजींनी झाडूनेच आतल्या खुर्चीकडे दाखवलं.

“मी? मी चौथीत शाळा सोडली. कागद वाचायला घेतला की अक्षरं पळतात.”

“सकाळी आजीला तरी कुठं कागद वाचून दाखवला होतास?”

चार वाजले. तिघांच्या सूचना झाल्या. बिसराम खुर्चीत बसला.

“मी बिसराम,” तो कोरकूत म्हणाला. “काल बोलला तो माझा भाऊ. ती सूचना जुनी होती. लावली मी. मला त्याची आठवण येत होती... डॉक्टर येणार नाही. ज्यांना फुकट चालायला लागलं त्यांची माफी मागतो. यापुढे जे सांगीन ते त्याच दिवसाचं असेल.”

तो बाहेर ओट्यावर आला. पलीकडचा डोंगर तसाच होता.

“नाही चमकला, गुरुजी.”

“आजी म्हातारी आहे. वाट चढणीची आहे. वस्तीवर ज्यांनी ऐकलं ते ती पोचली की सांगतील.”

दोघे बसून राहिले. ऊन कलत गेलं. सावली ओट्याची कड ओलांडून पायाशी आली...

मग पलीकडे आरसा चमकला. एकदाच.

बिसराम उठला. आत जाऊन त्याने आपली सूचना पुसली. मग बराच वेळ सोमजीची सूचना पुसायच्या कळीवर बोट ठेवून उभा राहिला. गुरुजी आत आले नाहीत.

तो बाहेर आला तेव्हा त्याचे हात रिकाम्या पिशवीसारखे लोंबत होते.

“पुसली. आता इथं त्याचं काहीच उरलं नाही, गुरुजी.”

गुरुजींनी चिंचेची वाटी त्याच्यापुढे सरकवली.

“उद्या चारला वेळेवर ये. तुझा भाऊ रोज उशिरा यायचा.”