माशांच्या तोंडून निरोप

"ते नक्की काय बोलतायत, तेवढं सांगा बाबा."

"कोण?"

"दादाचे मासे."

दर्ग्याच्या हौदातले मासे राखता राखता हसनबाबा म्हातारे झाले होते. माशांचं त्यांना सगळं कळतं, असं गाव म्हणायचं. म्हणून सिदू भाताचा डबा हातात घेऊन तसाच धावत आला होता.

दादा जाऊन महिना होत आला होता. दहाव्याला कावळा काही केल्या शिवेना. ऊन चढलं, माणसं कंटाळली. सिदूचं डोकं फिरलं. त्यानं भाताची मूठ उचलली, तडक घर गाठलं आणि दादाच्या काचेच्या टाकीत ती सोडली. मासे तुटून पडले. दादा जेवला! तेव्हापासून रोज दोन मुठी.

"आता सारखे वर येतात, तोंड उघडतात, मिटतात. दादाच काहीतरी सांगतोय."

"कल्ले कसे दिसतात?"

"लालभडक."

"मेले किती?"

सिदूनं मान खाली घातली. "सातातले दोन… दादानं बोलावून घेतले असतील."

बाबा उठले. सिदूचा दंड धरून त्याला मागच्या मुतारीत ढकललं आणि बाहेरून कडी घातली.

भर दुपारची मुतारी. सिदूचे डोळे झोंबले, घसा जळला. टाचा उंचावून तो झरोक्याला तोंड लावून धापा टाकू लागला.

बाहेरून बाबांनी वर बघितलं.

"काय बोलतोयस रे? कुणाचा निरोप?"

"दार उघडा! जीव चाललाय!"

"हां… तेच बोलतायत."

कडी निघाली.

"पण बाबा, पाणी तर स्वच्छ दिसतंय!"

"आतली हवा दिसली तुला?"

सिदू डोळे चोळत मुतारीकडे बघू लागला.

"कुजका भात आणि माशांची घाण. त्यातनं हाच अमोनिया सुटतो. तळातला भात उपस. तिसरा हिस्सा पाणी काढ, घरात कालचं भरलेलं घाल. रोज थोडं थोडं. गाळणीचा स्पंज नळाखाली धुऊ नकोस, टाकीच्याच पाण्यात पीळ. ते विष खाणारे जीव त्यातच राहतात."

"आणि खायला?"

"दोन दिवस कडक उपास. मग चिमूटभर."

सिदू पळायला निघाला. चार पावलांवर थांबला.

"मग दादाला भात कोण घालणार?"

त्याच्या हातातला डबा घेऊन बाबांनी एक घास तोंडात टाकला.

"मीठ विसरलास. तू कधी जेवलास?"

"परवा… असेल."

बाबांनी डबा परत त्याच्या हातात दिला.

"उपास माशांना सांगितलाय."